मिरच्या किती?

आमच्या स्वयंपाकघरात दोन दगड आहेत. एक आहे पाटा. तो माझ्या नानीचा. दुसरा दगड ताटलीसारखा गोल आहे, मध्ये थोडा खोलगट. रंग काळपट. त्याच्याबरोबर वाकड्या मुठीचा एक लहानसा बत्ता आहे. या दगडाचे नाव चोबेक आणि बत्त्याचे नाव उलेकान. घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात, "हे काय आहे?" अम्मी मोठ्या ऐटीत सांगते, "हा विमानातून आलेला दगड आहे."

तो दगड खरोखरच विमानातून आला. त्याचीच ही हकिकत.

आम्ही मूळचे दापोली तालुक्यातले. अब्बा मुंबईच्या एका कापडगिरणीत साचाखात्यात होते. साचाखाते म्हणजे गिरणीत जिथे कापड विणतात तो विभाग. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांमध्ये मोठा संप सुरू झाला. त्यानंतर कितीतरी गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. अब्बांनी काही वर्षे मिळेल ते काम केले. मग १९८८ साली त्यांना इंडोनेशियातल्या एका सूतगिरणीत नोकरी मिळाली. पुढच्या वर्षी अम्मी, मी आणि माझा धाकटा भाऊ त्यांच्याकडे गेलो. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

आमचे घर तांगेरांग या शहरात होते. इंडोनेशियाची राजधानी जाकार्ता. तिच्या पश्चिमेला, अगदी लागून हे शहर आहे. शहरातून चिसादाने नावाची नदी वाहते. आजूबाजूला कारखानेच कारखाने. जाकार्ताचा मोठा विमानतळही तिथेच आहे. त्यामुळे दिवसभर डोक्यावरून विमाने जात. आमच्या गल्लीत मात्र कौलारू घरे होती, नारळ होते, केळी होत्या. पाऊस तर असा, की कोकणची आठवण यावी. पहिल्या दिवशी अम्मी दारात उभी राहून म्हणाली, "अगं, हे तर आपले कोकणच!"

दुसऱ्या दिवशी ती असे म्हणाली नाही. कारण तिचे बोलणे तिथे कोणालाच कळत नव्हते.

अम्मी बोलकी होती. गावात विहिरीवर गेली, की तासभर परत येत नसे. इथे अब्बा सकाळी सहाला कारखान्यात जात. आम्ही मुले शाळेत. अम्मी दिवसभर घरात एकटी. भाजीसुद्धा अब्बाच आणत. दारावरून फेरीवाले ओरडत जायचे. अम्मी पडद्याआडून पाहायची, पण हाक मारायची नाही. एकदा तिने धीर करून एका भाजीवाल्याला थांबवले. तो हात हलवत पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तिदाक माहाल, बू, तिदाक माहाल!" अम्मी गोंधळून आत आली आणि मला म्हणाली, "हा भाजी विकतोय, की महाल?" त्या भाषेत 'माहाल' म्हणजे महाग आणि 'तिदाक' म्हणजे नाही. बिचारा "महाग नाही, महाग नाही" असे सांगत होता.

मुलांना भाषा लवकर येते. गल्लीतल्या मुलांबरोबर खेळता खेळता चार-पाच महिन्यांत मी तिथली भाषा बोलू लागले. खरे तर तिच्यातले कितीतरी शब्द आपलेच आहेत. बाजाराला ते 'पासार' म्हणतात. वेळेला 'वाक्तू', जगाला 'दुनिया', बसायच्या खुर्चीला 'कुर्सी'. "कसे आहात?" असे विचारायचे असेल, तर "आपा काबार?" म्हणजे "काय खबर?" असे विचारतात. संस्कृतातूनही तिथे पुष्कळ शब्द गेले आहेत. भाषेला 'बाहासा' म्हणतात, शिक्षकाला 'गुरू', नवऱ्याला 'सुआमी' आणि बायकोला 'इस्त्री'. हे शेवटचे ऐकून अब्बा खूप हसले होते. पण हे सारे शब्द माझ्या कानांवर पडत होते. अम्मीच्या कानांवर ते पडणार कसे? ती घराबाहेरच जात नव्हती.

त्यामुळे घरात माझे महत्त्व फार वाढले. कोणी दारात आले, की अम्मी मला हाक मारायची. पाणीवाला आला, मला हाक. वीजबिल आले, मला हाक. माझा खेळ अर्धवट राहायचा. मी रागावत असे. पण खोटे कशाला सांगू, मला त्यात मजाही वाटत असे. दोन मोठी माणसे माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहायची. मी सांगेन तेवढेच त्यांना कळायचे.

आमच्या शेजारी एक आजीबाई राहत. हजला जाऊन आलेल्या बाईंना तिकडे आदराने 'बू हाजी' म्हणतात. 'बू' म्हणजे आई. सगळी गल्ली त्यांना बू हाजी म्हणत असे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्या जाकार्ताच्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे बेतावी होत्या. त्यांच्या अंगणात दहा-बारा कोंबड्या होत्या. त्या कोंबड्यांना कुंपण असे माहीतच नव्हते. सकाळी त्यांच्या अंगणात, दुपारी आमच्या.

एके दिवशी दुपारी बू हाजी एक मोठी बशी घेऊन आल्या. वर केळीचे पान झाकलेले. "गाडो-गाडो," त्या म्हणाल्या आणि बशी अम्मीच्या हातात दिली. अम्मीने हसून घेतली. त्या गेल्यावर आम्ही पान उचलून पाहिले. खाली उकडलेल्या भाज्या होत्या. कोबी, बटाटा, चवळीच्या कोवळ्या शेंगा, मोड आलेले मूग आणि एक हिरवी पालेभाजी. तळलेले सोयाबीनचे पनीर होते. उकडलेले अंडे होते. आणि या सगळ्यावर तपकिरी रंगाचा दाट रस्सा ओतलेला.

अम्मीने बोटाने चाखून पाहिले. मग म्हणाली, "उकडलेल्या भाजीवर शेंगदाण्याची चटणी? आणि तीही गोड? फोडणी नाही, हळद नाही. हे आजाऱ्याचे जेवण आहे की काय?"

मला एक घास खावासा वाटत होता. पण अम्मीने बशी मागच्या अंगणात नेली आणि रिकामी केली. बू हाजींच्या कोंबड्या तिथे हजरच होत्या. त्यांनी पाच मिनिटांत सगळे साफ केले. अम्मीने बशी घासूनपुसून ठेवली. रिकामी बशी परत देऊ नये, म्हणून संध्याकाळी तिने त्यात शिरा घातला. मग मला बरोबर घेऊन ती बू हाजींच्या दारात गेली.

"सांग त्यांना," अम्मी मला म्हणाली, "खूप छान झाले होते. आम्ही सगळ्यांनी आवडीने खाल्ले."

त्या दिवशी मी मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होते. माझीच पाळी होती. नेमकी तेव्हाच अम्मीने मला बोलावले होते. माझ्या डोक्यात राग होता. मी बू हाजींकडे पाहून त्यांच्या भाषेत म्हणाले, "अम्मीने खाल्ले नाही. तिने ते कोंबड्यांना घातले."

अम्मी माझ्या शेजारी उभी राहून हसत होती. मी तिचे कौतुकाचे शब्द सांगितले, असे तिला वाटत होते. ती मान हलवून "हो, हो" असेही म्हणाली. तिचा तो हसरा चेहरा मला आजही दिसतो.

बू हाजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग अम्मीकडे पाहिले. शिऱ्याची बशी हातात घेतली. मग अम्मीचा हात धरून त्या म्हणाल्या, "बेसोक पागी." म्हणजे उद्या सकाळी. मला म्हणाल्या, "अम्मीला सांग, उद्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरात या. मी शिकवते."

या वेळी मात्र मी शब्द न बदलता सांगितले. अम्मी खूश झाली. "बघ, आपण कौतुक केले म्हणून बोलावले." मला रात्रभर नीट झोप आली नाही. उद्या बू हाजी अम्मीला रागावतील आणि ते रागावणेही मलाच समजावून सांगावे लागेल, अशी भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही त्यांच्याकडे गेलो. बू हाजी रागावल्या नाहीत. त्यांनी दोन बुटकी लाकडी आसने मांडली होती. मध्ये होता तो दगड, चोबेक. जावा बेटावर ज्वालामुखी पुष्कळ आहेत. त्यांच्याच दगडातून चोबेक घडवतात. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही फार पूर्वीच्या लाव्हारसाचाच आहे. तेव्हा आमचा पाटा आणि त्यांचा चोबेक हे तसे दूरचे नातेवाईकच म्हणायचे.

बू हाजींनी कढईत थोड्या तेलात शेंगदाणे तळले, सालांसकट. सतत हलवत राहिल्या. एक दाणा जरी करपला, तरी सगळा रस्सा कडू होतो. दाणे थोडे निवले. तोवर त्यांनी चोबेकवर लसणाच्या दोन पाकळ्या आणि मीठ घेतले. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चाबेन्या बरापा?"

तिकडे गाडो-गाडो विकणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला बसतात. गिऱ्हाईक आले, की आधी हाच प्रश्न विचारतात: मिरच्या किती? मग तेवढ्याच मिरच्या घालून प्रत्येकासाठी वेगळे वाटण वाटतात. शेजारच्या माणसाला पाच मिरच्या हव्या असतील आणि तुम्हाला एकच, तरी भांडण नाही. ही पद्धत मला फार आवडते.

मी अम्मीला सांगायला तोंड उघडले. पण बू हाजींनी हातात मिरची धरून भुवया उंचावल्या होत्या. आणखी काय सांगायचे? अम्मीने तीन बोटे वर केली.

"तिगा?" बू हाजींनी विचारले.

"तिगा," अम्मी म्हणाली.

तो तिचा त्या भाषेतला पहिला शब्द. मी नुसतीच बसून राहिले.

मग बू हाजींनी एका पुडीतून काळसर तपकिरी गोळा काढला. त्याचा अर्ध्या बोराएवढा तुकडा सुरीच्या टोकाला लावून विस्तवावर धरला. क्षणात साऱ्या घरात उग्र वास पसरला. मी नाकावर हात धरला. अम्मी मात्र एकदम पुढे झाली. तिने डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"अगं, हा जवळा!" ती म्हणाली. "आपला जवळा!"

जवळा म्हणजे बारीक कोळंबी. कोकणात ती उन्हात वाळवतात. पावसाळ्यात मासे मिळत नाहीत, तेव्हा तिचीच चटणी आणि कालवण करतात. बू हाजींच्या हातातला गोळा म्हणजे 'तरासी'. बारीक कोळंबीत मीठ घालून ती आंबवतात, कुटतात, वाळवतात आणि तिचे गोळे करतात. अम्मीने तो तुकडा हातात घेतला, पुन्हा हुंगला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. गाव सोडून आल्यापासून हा वास तिने घेतला नव्हता. बू हाजी घाबरल्या. धुराने डोळे चुरचुरले असे समजून त्यांनी खिडकी उघडली. मी काही समजावून सांगितले नाही. थोड्या वेळाने त्यांचे त्यांनाच कळले असावे. त्यांनी पदराने अम्मीचा चेहरा पुसला आणि उलेकान तिच्या हातात दिला.

अम्मीने पाट्यावर वाटतात तसे वाटायला सुरुवात केली. वरवंटा पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. चोबेकवर तसे चालत नाही. चार शेंगदाणे उडाले. एक माझ्या कपाळावर बसला. "पलान-पलान," बू हाजी हसत म्हणाल्या. म्हणजे हळू, हळू. त्यांनी अम्मीच्या मनगटावर आपला हात ठेवला. उलेकान दाबायचा आणि मनगट गोल फिरवायचे. दाबायचा आणि फिरवायचे. लसूण, मिरची आणि तरासी यांचा गोळा झाला. मग शेंगदाणे मूठ मूठ करून त्यात गेले. फार बारीक करायचे नाहीत. दाताखाली थोडे यायला हवेत.

पुढे गुळाची पाळी आली. तो ताडामाडाच्या रसाचा, काळसर आणि धुरकट वासाचा होता. त्याला ते 'गुला जावा' म्हणतात. 'गुला' म्हणजे साखर. आपल्या गुळाशी या शब्दाचे नाते आहे. शेवटी चिंचेचे पाणी. चिंचेला ते 'आसाम जावा' म्हणतात, म्हणजे जावाचे आंबट. आणि अरबीत तिला म्हणतात 'तम्र हिंदी', हिंदुस्थानची खजूर! चिंचेचे झाड मूळचे आफ्रिकेतले. ज्याने त्याने ते दुसऱ्याच्या नाहीतर आपल्या गावाचे करून टाकले.

शेंगदाण्याच्या नावाची गंमत तर मला आणखी आवडते. शेंगदाण्याला तिकडे 'काचांग तानाह' म्हणतात. काचांग म्हणजे दाणा, कडधान्य. तानाह म्हणजे माती. मातीतले कडधान्य. आपणही त्याला भुईमूगच म्हणतो ना? भुईतला मूग! भुईमूग आला दक्षिण अमेरिकेतून, मिरचीही अमेरिकेतलीच. हजारो मैलांवरच्या दोन गावांतल्या लोकांनी ते पीक जमिनीतून उपटले, शेंगा पाहिल्या आणि त्यांना एकसारखेच सुचले.

भाज्यांचे फार अवघड नाही. त्या वेगवेगळ्या उकडायच्या, कारण प्रत्येकीला लागणारा वेळ निराळा. बटाट्याला जास्त, शेंगांना थोडा, कोबीला त्याहून कमी. मोडांना तर उकळत्या पाण्यात एक बुडी पुरते. ती हिरवी पालेभाजी म्हणजे कांगकुंग. आपल्याकडे पाणथळ जागी तीच भाजी उगवते. तिला नाळीची भाजी म्हणतात. सोयाबीनचे पनीर म्हणजे 'ताहू'. ते तळून घ्यायचे. काकडी कच्चीच ठेवायची. काही घरांत वाटणात नारळाचे दूध घालून ते शिजवतात आणि भाज्यांवर ओततात. पण बू हाजींना ते पटत नसे. त्या भाज्या चोबेकवरच टाकत आणि वाटणात कालवत. वरून तळलेला कांदा, बिर्याणीवर घालतो तसा. बाजूला केळीच्या पानात शिजवलेल्या भाताची वडी आणि कुरकुरीत 'करूपुक', म्हणजे कोळंबीचे पापड.

अम्मीने पहिला घास घेतला. या वेळी ती थांबली नाही. बशी संपल्यावर तिने चोबेकला लागलेले वाटणही बोटाने पुसून खाल्ले. बू हाजी तिच्याकडे पाहत होत्या. मी दोघींकडेही पाहत नव्हते.

त्या दिवसानंतर अम्मी रोज त्यांच्याकडे जाऊ लागली. मला बोलावणे कमी होत गेले. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. दोघी ओट्यावर बसून शेंगा निवडायच्या, हसायच्या. मी जवळ गेले, की अम्मी म्हणायची, "तू जा, खेळ." १९९० साली अम्मी पहिल्यांदा एकटी पासारला गेली. दोन तासांनी पिशवी भरून परत आली. घामाघूम झाली होती, पण चेहरा फुललेला. तिने म्हणे भाव केला होता, आणि तो असा: "इनी बहुत माहाल, बू! कम करो ना, सदिकित!" 'इनी' म्हणजे हे, 'सदिकित' म्हणजे थोडे. अर्धी त्यांची भाषा, अर्धी आमची. विकणारीला ते कळले आणि तिने भाव कमीही केला. अब्बा म्हणाले, "ही तर गाडो-गाडो भाषा झाली." तिकडे सरमिसळ भाषेला खरोखरच 'बाहासा गाडो-गाडो' म्हणतात.

घरी केलेला अम्मीचा पहिला गाडो-गाडो साफ फसला. चिंचेचे पाणी जास्त झाले आणि रस्सा आमटीसारखा पातळ झाला. शिवाय सवयीने तिने वर जिऱ्याची फोडणी दिली. तरी तिने बू हाजींना बशीभर पाठवला. बू हाजींनी तो खाल्ला. मी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर बसून पाहत होते. त्यांनी शेवटचे पानसुद्धा खाल्ले. कोंबड्या पायांशी घुटमळत होत्या. त्यांना काही मिळाले नाही.

बू हाजीही आमच्याकडे येत. आमच्या कुकरची त्यांना फार भीती वाटे. पहिल्यांदा शिट्टी झाली, तेव्हा त्या चपला न घालताच अंगणात पळाल्या होत्या. पुढे मात्र त्या शिट्ट्या मोजायला शिकल्या. "सातू, दुवा, तिगा!" एक, दोन, तीन. तिसऱ्या शिट्टीला त्याच गॅस बंद करायच्या.

१९९४ साली अब्बांचा करार संपला. आम्ही गावी परतायचे ठरले. सामान बांधायला घेतले. निघायच्या आदल्या दिवशी बू हाजी आल्या. त्यांच्या कमरेवर कापडात गुंडाळलेले काहीतरी जड होते. तो त्यांचा चोबेक होता. नवा नव्हे, रोजचाच, मध्ये झिजलेला. नव्या दगडाची कच निघून जायला बरेच दिवस ओले तांदूळ वाटावे लागतात. "नवा घेऊन काय करशील?" त्या म्हणाल्या.

अब्बांनी तो उचलून पाहिला. "पाच-सहा किलोचा तरी आहे. विमानात वजनाची मर्यादा असते." अम्मी काही बोलली नाही. तिने बांधलेली पेटी उघडली, आतला कुकर काढला आणि बू हाजींच्या हातात दिला. कुकरच्या जागी दगड ठेवला. तो बरोबर बसला नाही, म्हणून दोन चादरीही काढल्या.

मग दोघी ओट्यावर बसल्या. मी दारात उभी होते. अम्मी आता त्यांची भाषा बऱ्यापैकी बोलायची. ती म्हणाली, "बू हाजी, एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुम्ही आणलेली पहिली बशी मी खाल्ली नव्हती."

माझे हातपाय गार पडले. पाच वर्षे झाली होती. मी आता पंधरा वर्षांची होते. तरी मला वाटले, आता सगळे कळणार.

"ताहू, ताहू," बू हाजी म्हणाल्या. 'ताहू' म्हणजे सोयाबीनचे पनीर, आणि 'ताहू' म्हणजे ठाऊक आहे, असेही. शब्द एकच.

"ठाऊक आहे? कोणी सांगितले?" अम्मीने विचारले.

"कोंबड्यांनी," बू हाजी म्हणाल्या. "घरी आल्या, तेव्हा सगळ्यांच्या चोचींना शेंगदाणे लागले होते."

अम्मी आधी लाजली आणि मग इतकी हसली, की तिला ठसका लागला. बू हाजीही हसत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

आज अम्मीचे वय सत्तरीला आले आहे. गुडघे दुखतात, म्हणून चोबेक आता जमिनीवर नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावर असतो. गावात तरासी मिळत नाही. अम्मी सुका जवळा तव्यावर भाजून वाटते. गुला जावाच्या जागी साधा काळा गूळ घालते. चव थोडी निराळी येते. पण वाईट येते, असे मी म्हणणार नाही. माझी मुले सुट्टीत आली, की रांगेत उभी राहतात. अम्मी प्रत्येकाला विचारते, "चाबेन्या बरापा?" मुले बोटे दाखवतात. धाकटी नेहमी एकच बोट दाखवते, तेही अर्धे वाकवून.

मागच्या उन्हाळ्यात मुले बाहेर खेळत होती. घरात आम्ही दोघीच होतो. अम्मी मीठ-लसूण वाटत होती. मी मनाशी ठरवले आणि म्हणाले, "अम्मी, ती बू हाजींची पहिली बशी होती ना, त्या दिवशी मी..."

"थांब," अम्मी म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता. "आधी मिरच्या सांग. किती?"